पहिल्या दहांतला पेशंट

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञाने पेशंटला भेटायचं असतं. दात हलतात का, जिना चढताना दम लागतो का, तंबाखू किती, आधी कधी भूल घेतली होती का, असे आमचे ठरलेले प्रश्न. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका जनरल वॉर्डात मी अशीच एका काकांच्या खाटेपाशी उभी होते. साताऱ्याकडचा माणूस, मशीद बंदरला तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेली, पोटाच्या मधोमध नारळाएवढा हर्निया. माझे प्रश्न संपल्यावर त्यांनी एकच विचारला. "मॅडम, उद्या दुर्बिणीनं बघणार आणि मग ठरवणार ना, कापायचं का नाही ते?"

मी केसपेपर उलटून पाहिला. संमतीपत्र जागेवर होतं, छापील आणि मराठीत. खाली मुलाची सही, काकांचा अंगठा. दोन वर्षांपूर्वी पोटात दुखत होतं म्हणून त्यांच्या तोंडातून दुर्बीण घातली होती, आत बघितलं होतं आणि संध्याकाळी घरी सोडलं होतं. त्यामुळे दुर्बीण म्हणजे बघणं. मराठीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ तरी कुठे आहे? आपण डॉक्टर मात्र तोच शब्द पोट फुगवून, चार भोकं पाडून, आत जाळी बसवण्याच्या तीन तासांच्या ऑपरेशनसाठी सर्रास वापरतो.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट नव्हती. जाळी बसवायची ही पद्धत आमच्या सर्जनने नुकतीच एका परिषदेत पाहून सुरू केली होती आणि काका पाचवे होते. त्याने हे लपवलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारावं अशी व्यवस्थाही नव्हती. मी त्याला फोन केला, तो बिचारा रात्री साडेनऊला परत आला, कागदावर चित्र काढून काकांना सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. म्हणूनच हा प्रसंग कुठेही नोंदला गेला नाही.

माझा मुद्दा या न नोंदल्या गेलेल्या गोष्टींचा आहे. नवं औषध बाजारात यायचं तर टप्प्याटप्प्याने चाचण्या लागतात, २०१९ चे नियम आहेत, नैतिक समिती आहे, चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. पण ऑपरेशनची पद्धत ना औषध ना उपकरण. ती माणसाच्या हातात असते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एखादी पद्धत 'थोडा बदल' आहे की 'नवा प्रयोग', हे बहुतेक वेळा सर्जन स्वतःच ठरवतो. त्याने थोडा बदल म्हटलं की विषय संपला. यात सर्जन वाईट आहेत असं नाही. जगभर हे असंच चालत आलं आहे, आणि यातूनच पुष्कळ चांगलंही आलं आहे.

मुंबईला तर ते वेगळं सांगायला नको. १९६८ च्या फेब्रुवारीत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयारोपण केलं. केपटाऊनच्या, जगातल्या पहिल्या आरोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. पेशंट काही तासच जगला. ज्याच्या आधारे असं हृदय घेता येतं तो, मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा या देशात त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९९४ साली आला. १९९० मध्ये जे. जे. मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं. आज पित्ताशयाचं पोट फाडून ऑपरेशन करताना पाहायला आमच्या निवासी डॉक्टरांना वाट बघावी लागते. तेव्हा 'नवं नको' असं म्हणणारा माणूस माझ्या मते एकतर खोटं बोलतो किंवा त्याने जुनी ऑपरेशनं पाहिलेली नाहीत. मी पाहिली आहेत. हातभर जखम, आठ दिवस नळी, खोकला आला की उशी पोटाशी धरून रडणाऱ्या बायका.

पण त्याच पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दुसरा हिशेबही आहे. अमेरिकेतल्या ५५ सर्जनांनी केलेल्या ८,८३९ ऑपरेशनांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पित्तनलिकेला झालेल्या इजांपैकी ९० टक्के इजा त्या त्या सर्जनच्या पहिल्या तीस केसेसमध्ये झाल्या होत्या. गणित मांडलं तर पहिल्या पेशंटला इजा होण्याची शक्यता १.७ टक्के आणि पन्नासाव्याला ०.१७ टक्के, म्हणजे दहापट फरक. पित्तनलिका चुकून कापली गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना 'फक्त १.७' असं म्हणवत नाही. 'शतमारी भवेद्वैद्यः', म्हणजे शंभर मारले की वैद्य होतो, हे सुभाषित लहानपणी आम्ही हसत हसत म्हणायचो. त्यात विनोद कमी आणि आकडेवारी जास्त आहे, हे पुढे कळलं. सुश्रुताने म्हणूनच शिष्यांना आधी कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर छेद घ्यायला लावले होते. कोहळ्यानंतरचं पहिलं माणूस कोण, हा प्रश्न मात्र उरतोच.

आपल्या शहरात त्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या उलटी आहेत. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत पहिला नंबर गरिबाचा, कारण तिथे शिकवलं जातं, आणि नकार द्यायची त्याची ऐपत नसते. पंचतारांकित रुग्णालयांत पहिला नंबर श्रीमंताचा, कारण नव्या यंत्राचा खर्च वसूल व्हायचा असतो, आणि 'लेटेस्ट' म्हटलं की तो आपण होऊन जास्त पैसे मोजतो. एकाला कळत नाही की तो पहिल्या दहांत आहे. दुसऱ्याला वाटतं की पहिल्या दहांत असणं हाच मान आहे.

यावर आमच्या क्षेत्राचं नेहमीचं उत्तर असतं: आकडे ठेवा. ऑडिट करा. रक्तस्राव किती, जंतुसंसर्ग किती, दुर्बीण सोडून पोट उघडावं किती वेळा लागलं, किती दिवसांत घरी गेला, मेला का. बरोबरच आहे. पण आकड्यांची एक गोची आहे. ते उशिरा येतात. पहिल्या दहा पेशंटांत काही सिद्ध होत नाही, संख्याशास्त्र हात वर करतं. पन्नास-शंभर झाले की आकडे बोलायला लागतात, आणि तोवर पहिले पन्नास घरी गेलेले असतात, काही बरे होऊन आणि काही तसेच. दुसरी गोची अशी की आकडा फक्त ज्या रकान्याची सोय केली आहे त्याचंच उत्तर देतो.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं, म्हणून सांगते. ओटीपोटातल्या एका ऑपरेशनची नवी, दुर्बिणीची पद्धत आमच्याकडे सुरू झाली होती. सुरुवातीची ऑपरेशनं लांबतात. जे नंतर दीड तासात होतं त्याला चार-साडेचार तास लागतात. आतडी वर सरकावीत म्हणून पेशंटला डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवावं लागतं. घसरू नये म्हणून खांद्यांना आधार लावतात, हात पाटीवर बांधतात. ही सगळी मांडणी भूलतज्ज्ञाची जबाबदारी, म्हणजे माझी. त्या सुरुवातीच्या पेशंटांत एक कोळीण मावशी होत्या. चौथ्या दिवशी घरी गेल्या. तक्त्यात 'गुंतागुंत नाही' असं लिहिलं गेलं, आणि त्यावर खोटं म्हणून कुणालाही बोट ठेवता आलं नसतं. सहा महिन्यांनी त्या वेगळ्याच कामाला, जावेला घेऊन ओपीडीत आल्या होत्या. मला ओळखलं. सहज विचारलं, तर म्हणाल्या, "पोट एकदम मस्त आहे बाय. पण टोपली डोक्यावर चढत नाय. उजवा हात वरच जात नाय. धंदा सुनेकडं दिला."

खांद्यातून हाताकडे जाणारं नसांचं जाळं ताणलं गेलं होतं. चार तासांची घसरण आणि खांद्याचा तो आधार. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाऊन आमच्या सिस्टरांना विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की त्या केसेसमध्ये पेशंट खाली सरकतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दोनदा त्यांनी मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, चादर ओढून पेशंट वर घ्यायला सांगितलं होतं. मग मला का नाही सांगितलं? "तुम्ही सर्वजण स्क्रीनकडं बघत होता मॅडम. आणि सर टेन्शनमध्ये होते." मावशींचा हात फिजिओथेरपीने वर्षभरात बराचसा सुधारला, पूर्ण नाही. त्यानंतर आम्ही खांद्याचे आधार काढून टाकले, गादी बदलली. दर महिन्याच्या मृत्यू-गुंतागुंत बैठकीत ही केस कधीच आली नाही, कारण तक्त्याप्रमाणे ती केसच नव्हती. त्या बैठकीला सिस्टरांना बोलावतही नाहीत.

ज्ञान ओटीत होतं. ते सिस्टरांच्या डोळ्यांत, मामांच्या हातांत आणि त्या मावशींच्या टोपलीत होतं. आमच्याकडे ते गोळा करण्याची पद्धत नव्हती. ती पद्धत अस्तित्वात आहे आणि तिला गुणात्मक संशोधन म्हणतात. हा शब्द मला कधी आवडला नाही. गुण म्हटलं की शाळेतले मार्क आठवतात, आणि हे तर नेमकं मार्क नसलेलं संशोधन. सोप्या भाषेत: ज्यांच्यावर आणि ज्यांच्यासमोर गोष्ट घडली त्यांना मोकळे प्रश्न विचारायचे, त्यांचं बोलणं शब्दशः उतरवून घ्यायचं, प्रत्यक्ष काम चालू असताना कोपऱ्यात उभं राहून पाहायचं. मग दोन-तीन जणांनी ते स्वतंत्रपणे वाचून त्यातली सूत्रं काढायची, आपल्या सूत्राला खोटं पाडणारी माणसं मुद्दाम शोधायची, आणि नव्या मुलाखतीत नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. डिस्चार्जच्या वेळी हातात ठेवला जाणारा पाच हसऱ्या चेहऱ्यांचा कागद म्हणजे हे नव्हे. त्या कागदावर आमच्या मावशींनीही सर्वांत मोठं हसू निवडलं असतं, आणि तेही मनापासून.

असं संशोधन ऑपरेशनच्या बाबतीत काय शोधून काढू शकतं याचं एक ठळक उदाहरण पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. छाती न फाडता, लहान छेदातून हृदयाचं ऑपरेशन करण्याचं नवं तंत्र अमेरिकेतली रुग्णालयं शिकत होती. हार्वर्डच्या एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सोळा रुग्णालयांत जाऊन सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे तंत्रज्ञ अशा सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या. २००१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. या तंत्रात सर्जनला पूर्वीसारखं सगळं डोळ्यांनी दिसत नाही. महाधमनी आतून फुग्याने बंद करतात, तो फुगा हलला का हे दुसऱ्यांनी मॉनिटर बघून सांगावं लागतं. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं ओटीत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी आता मोठ्याने बोलायचं. कुठल्या रुग्णालयात तंत्र रुजलं? ज्याचं नाव मोठं तिथेच असं नाही, ज्याचा सर्जन सर्वांत ज्येष्ठ तिथेच असंही नाही. जिथे सर्जनने टीम नीट निवडली, आधी कोरडा सराव केला आणि 'मला तुमची गरज आहे, चुकतंय वाटलं तर बोला' असं नुसतं म्हटलं नाही तर वागून दाखवलं, तिथे ते रुजलं. सर्जनचं कौशल्य मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट सापडली नसती.

हे वाचताना मला आमच्या ओटीतला 'सर' हा शब्द आठवत राहिला. मराठीत शिक्षकालाही सर, साहेबालाही सर, आणि ओटीत तर श्वास घेतल्यासारखं दर वाक्याला सर. "सर, बीपी पडतंय सर." या शब्दाने काम शिस्तीत चालतं हे खरं. पण 'सर, तुमचं चुकतंय' हे वाक्य त्या व्याकरणात बसतच नाही. मी भूलतज्ज्ञ असून, हुद्द्याने बरोबरीची असून, ते वाक्य आयुष्यात मोजून चार-पाच वेळा म्हटलं असेल.

ते वाक्य न निघाल्याची किंमत काय असते? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये २०१५ साली रोबोच्या साहाय्याने हृदयाच्या झडपेची दुरुस्ती केली गेली. त्या देशातली अशी ती पहिलीच. पेशंट काही दिवसांनी दगावला. २०१८ मध्ये मृत्युचौकशी झाली तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. मार्गदर्शनासाठी बोलावलेले तज्ज्ञ ऑपरेशन अर्ध्यात असताना निघून गेले होते. सर्जनचं रोबोवरचं प्रशिक्षण अपुरं होतं. सर्जन रोबो चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो, साहाय्यक पेशंटपाशी. दोघांमधला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, त्यामुळे एकमेकांचं धड ऐकू येत नव्हतं. आणि आपण या पद्धतीचे पहिले आहोत हे पेशंटला सांगितलंच नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन झालं असतं तर तो वाचण्याची शक्यता ९८-९९ टक्के होती. यातली एक तरी गोष्ट अशी आहे का, जी समजायला मृत्यू व्हावा लागतो? ओटीत सराव चालू असताना एखादा निरीक्षक वही घेऊन उभा असता तर आवाजाचा घोळ त्याला पहिल्या तासात दिसला असता.

आता संमतीकडे येते, कारण दुर्बीण मी विसरलेले नाही. इंग्लंडमध्येच प्रोस्टेटच्या कर्करोगावर ऑपरेशन, किरणोपचार आणि नुसतं लक्ष ठेवणं यांची तुलना करणारी मोठी चाचणी उभी राहत होती. पेशंट सहभागी व्हायला तयार होत नव्हते. ब्रिस्टलच्या जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या गटाने एक धाडसी गोष्ट केली. डॉक्टर पेशंटशी जे बोलतात ते ध्वनिमुद्रित केलं आणि ऐकलं. लक्षात आलं की डॉक्टरांना वाटत होतं ते तिन्ही पर्याय समान मांडतात, आणि प्रत्यक्षात त्यांच्या आवाजातून, क्रमातून, शब्दांतून एका पर्यायाकडे कल दिसत होता. 'लक्ष ठेवत थांबू' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द पेशंटला 'हे डॉक्टर मी मरेपर्यंत नुसते बघत बसणार' असे ऐकू येत होते. शब्द बदलले, क्रम बदलला, डॉक्टरांना त्यांचंच बोलणं ऐकवलं. २००० च्या मे महिन्यात ४० टक्के लोक होकार देत होते, वर्षभरात ७० टक्के. औषध तेच, डॉक्टर तेच, बदललं फक्त बोलणं.

मराठीत कुणी असं काम केलं तर पहिल्या आठवड्यात केवढा ऐवज मिळेल! दुर्बीण झालीच. 'छोटं ऑपरेशन' घ्या. आपण छेद छोटा म्हणून म्हणतो, पेशंट धोका छोटा असं ऐकतो, आणि नातेवाईक रजा छोटी टाकतात. 'रोबो करणार' म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं सर्जन चहा प्यायला जाणार, उरलेल्यांना वाटतं यंत्र आहे म्हणजे चूक होणारच नाही. 'नवीन पद्धत' म्हणजे नवीन मॉडेलची गाडी, अर्थातच आधीच्यापेक्षा चांगली. आणि 'प्रयोग' हा तर आपल्या भाषेतला सापळाच आहे. शिवाजी मंदिरात झाला तर टाळ्या, वॉर्डात झाला तर "आमच्यावर प्रयोग करू नका साहेब". त्या भीतीपायी डॉक्टर हा शब्द टाळतात, आणि शब्दाबरोबर ती माहितीही टाळली जाते. याला पर्यायी शब्द काय असावा हे मला माहीत आहे असं नाही. मात्र तो माझ्यासारखीने टेबलावर बसून शोधायचा नसतो. पन्नास पेशंटांना ऐकून शोधायचा असतो.

संमती म्हणजे सही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे. ते प्रकरणही दुर्बिणीचंच होतं, हा योगायोग मला चटका लावतो. दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन. न्यायालयाने म्हटलं, तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि तातडीचा धोका नसताना सज्ञान, समंजस पेशंटऐवजी दुसऱ्याची सही चालत नाही. आजही आपल्या वॉर्डांत संध्याकाळी "नातेवाईक कोण आहे? सही करा" ही हाक ऐकू येतेच.

आक्षेप मी रोज ऐकते. पहिला: हे सगळं किस्से झाले, विज्ञान कुठे आहे? याला थोडं खरं उत्तर आणि थोडी कबुली द्यावी लागते. पद्धतशीर मुलाखती म्हणजे किस्से नव्हेत, जसा प्रत्येक आकडाही पुरावा नसतो. पण गुणात्मक संशोधनाने सगळं कळत नाही हेही तितकंच खरं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीने केलेलं मोठं ऑपरेशन वर्षानुवर्षं लोकप्रिय होतं. पेशंट खूश, सर्जन खूश, दुखणं कमी. २०१८ मध्ये नीट सोडत पद्धतीने, म्हणजे कुणाचं कुठलं ऑपरेशन हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून, केलेली तुलना आली आणि दिसलं की तीन वर्षांनी पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी ९९ टक्के जिवंत होत्या, दुर्बिणीने झालेल्यांपैकी ९३.८ टक्के. हे कुठलीही मुलाखत सांगू शकली नसती. पहिल्या महिन्यात तर पेशंटांनी दुर्बिणीचं कौतुकच केलं असतं. म्हणून माझी मागणी आकड्यांच्या जागी बोलणं आणा अशी नाही. आकडे येईपर्यंतच्या काळात कान उघडे ठेवा, आणि कुठले आकडे गोळा करायचे हेही त्या कानांवरून ठरवा, एवढीच आहे.

उलट दिशेचं उदाहरणही आहेच. ओटीपोटात बसवलेल्या जाळ्यांमुळे चालता-बसता येत नाही असं ब्रिटनमधल्या हजारो बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या. 'वय झालं', 'मनाचं आहे' अशी उत्तरं त्यांना मिळाली. २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला, तेव्हा त्याचा गाभा एवढाच होता की त्यांचं कुणी ऐकलं नाही. आपल्याकडे सदोष ठरून २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेला कृत्रिम खुब्याचा सांधा सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला होता. त्यातल्या बहुसंख्य पेशंटांचा पुढे पत्ताच लागला नाही. ज्याचा पत्ताच नाही त्याला विचारणार काय?

दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीत दोनशे पेशंट, हाताशी तीन निवासी डॉक्टर, त्यातला एक तापाने आडवा. त्यांना कुणी मुलाखती घ्यायला सांगणार असेल तर मीच पहिली विरोध करीन. हे काम सर्जनने करायचंच नाही. स्वतःच्या ऑपरेशनबद्दल स्वतःच्या पेशंटला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "देवमाणूस आहात डॉक्टर." आपल्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. पेशंटशी बोलायचं शिक्षण घेऊन आलेली ही माणसं आपण औषधांसाठी ट्रस्टांना पत्रं लिहिण्यात आणि योजनांचे फॉर्म भरण्यात संपवतो. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, १९३६ साली स्थापन झालेली. वैद्यकीय नीतिमत्तेवरचं नियतकालिक याच शहरात १९९३ साली सुरू झालं आणि अजून चालू आहे. माणसं आहेत, फक्त ती ओटीच्या दाराबाहेर आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि तो दबक्या आवाजात येतो. हे सगळं टेपवर असलं आणि उद्या केस झाली तर? सिस्टरने 'सर घाईत होते' असं सांगितलं आणि तो कागद वकिलाच्या हाती लागला तर? यावर 'प्रामाणिक असाल तर घाबरायचं कशाला' असं म्हणणं सोपं आहे, आणि ते ओटीबाहेरच्या माणसालाच सुचतं. डॉक्टरांना मारहाण होणाऱ्या राज्यात तर असं म्हणवतच नाही. अशा मुलाखतींना कायद्याचं स्पष्ट संरक्षण हवं, नावं पहिल्याच दिवशी काढलेली हवीत, आणि वाचणारा गट त्या रुग्णालयाबाहेरचा हवा. याशिवाय सुरू केलं तर पंधरा दिवसांत सगळे छापील उत्तरं द्यायला लागतील.

आणि एक धोका आहे ज्याबद्दल कुणी आक्षेप घेत नाही, म्हणून मीच घेते. पेशंटची गोष्ट ही आता जाहिरातीची वस्तू झाली आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावरून जाताना फलक दिसतात, 'तिसऱ्या दिवशी चालायला लागले'. हीच मंडळी उद्या म्हणतील, आम्ही गुणात्मक संशोधन करतोच की, हे बघा व्हिडिओ. ज्या पेशंटचा हात वर जात नाही त्याचा व्हिडिओ निघत नाही, हे ओळखण्याइतपत तरी नैतिक समितीने शहाणं असावं.

मग नेमकं करायचं काय? नवी शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने कशी आणावी याची 'आयडियल' नावाची चौकट २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. कल्पनेपासून दीर्घकालीन नोंदींपर्यंतचे पाच टप्पे त्यात आहेत. ते जसंच्या तसं इथे उचलून आणावं असं मला वाटत नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. रुग्णालयात नवी पद्धत आली की पहिल्या तीस पेशंटांपुरतं तरी: संमतीचं बोलणं पेशंटच्या परवानगीने ध्वनिमुद्रित व्हावं, सुरुवातीची काही ऑपरेशनं बाहेरच्या निरीक्षकाने पाहावीत, ओटीतल्या प्रत्येकाशी, मामांसकट, एकदा एकट्याने बोललं जावं, आणि सहा महिन्यांनी पेशंटच्या घरी फोन जावा. फोन ओपीडीत या म्हणून नव्हे, तर आता तुम्हाला काय करता येतं आणि काय येत नाही हे विचारायला. हे हाती येईपर्यंत त्या पद्धतीचा फलक लागू नये. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला विदर्भातला पेशंट पुन्हा मुंबईला येण्याचं भाडं कुठून आणणार? फोन तो नक्की उचलेल.

माझ्या एका सर्जन मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो वैतागला. म्हणाला, "पेशंटला 'तुम्ही माझे सातवे' असं सांगितलं तर एक जण तरी टेबलवर येईल का?" मी म्हटलं, विचारून बघ. तो जिद्दी आहे, त्याने खरंच विचारलं, मला शेजारी उभं करून. पेशंट कुर्ल्याचा रिक्षावाला होता. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सातवा ना? हरकत नाही. आधीच्या सहा जणांचं काय झालं तेवढं सांगा."

मित्राला चौघांचं सांगता आलं. दोघे टाके काढून गेले ते परत आले नव्हते.